‘विद्यार्थी-खेळाडू’ : एका सामासिक पदाचा इतिहास आणि व्हार्टनमधील पूर्वप्रवेश

अमेरिकेतील उच्च शिक्षणाच्या परिभाषेत काही पदे वर्गात जन्मली, काही प्रशासकांच्या दप्तरात, आणि थोडी न्यायालयाच्या भीतीपोटी. ‘स्टूडंट-अ‍ॅथलीट’ हे पद या तिसऱ्या वर्गातले आहे. मराठीत ते ‘विद्यार्थी-खेळाडू’ असे सहज उतरते, आणि सहज उतरते म्हणूनच त्यात काही गाठ असेल अशी शंका येत नाही. वस्तुतः खेळताना जखमी झालेल्या वा मृत्यू पावलेल्या तरुणांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून महाविद्यालयांचे रक्षण व्हावे, एवढ्याचसाठी हे पद रूढ करण्यात आले. पुढे अर्धशतकाच्या आत तेच पद फिलाडेल्फियातील व्हार्टन या नामांकित व्यवसाय-विद्यालयात, इतर अर्जदारांच्या आधी आणि इतरांहून सुलभतेने, प्रवेश मिळविण्याची अर्हता होऊन बसले. ढाल म्हणून घडविलेल्या वस्तूची किल्ली कशी झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम पदाच्या घडणीकडे पाहणे योग्य ठरेल. दोन नामे जवळ ठेवून केलेल्या अशा समासाचा विग्रह दोन प्रकारांनी होऊ शकतो. ‘आईवडील’ या द्वंद्वात दोन्ही पदे समान महत्त्वाची असून ती दोन व्यक्तींचा निर्देश करतात. ‘राजर्षी’ या कर्मधारयात व्यक्ती एकच आहे आणि प्राधान्य उत्तरपदाला आहे : राजा असलेला ऋषी, ऋषी झालेला राजा नव्हे; निदान व्याकरणाचा निर्णय तसा आहे. इंग्रजीतील नामसमासही बहुधा उत्तरपदप्रधान असतात. त्या न्यायाने ‘स्टूडंट-अ‍ॅथलीट’ म्हणजे विद्यार्थी असलेला खेळाडू. मुख्य वस्तू खेळाडू, आणि विद्यार्थीपण हे त्याचे विशेषण. हे पद प्रचारात आणणाऱ्यांचा हेतू मात्र नेमका उलट होता. पूर्वपद आधी उच्चारले जाते, म्हणून तेच प्रधान समजले जावे, असा त्यांचा आग्रह होता. व्याकरण एका बाजूला आणि धोरण दुसऱ्या बाजूला अशी ही ओढाताण पुढील साऱ्या इतिहासात दिसून येते.

अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडेत पैशाचा प्रवेश उशिरा झाला, पूर्वी सारे निर्मळ होते, ही समजूत टिकणारी नाही. हार्वर्ड आणि येल यांच्यातील १८५२ ची नौकाशर्यत ही तेथील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानली जाते, आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उतारू मिळावेत म्हणून केला होता. अमेरिकन फुटबॉलमधील मृत्यूंमुळे १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना प्रमुख महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलवावे लागले. त्यानंतरच्या हालचालींतून १९०६ मध्ये जी संघटना निघाली तिला १९१० मध्ये ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ हे नाव मिळाले. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या १९२९ च्या अहवालाने खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या छुप्या द्रव्यसाहाय्याचा सविस्तर पाढा वाचला. परंतु तोपर्यंत हा प्रश्न नीतीचा होता. कायद्याचा झाला नव्हता.

तो कायद्याचा झाला कोलोरॅडो राज्यात. डेन्व्हर विद्यापीठातील नेमेथ नावाच्या फुटबॉलपटूला सरावात दुखापत झाली. विद्यापीठाने त्याला टेनिसची मैदाने निगेत ठेवण्याचे काम दिले होते आणि त्याबद्दल महिना ५० डॉलर मिळत असत. हे काम त्याच्या खेळण्यावर अवलंबून होते, संघातून गेला असता तर कामही गेले असते, हे पुराव्यावरून दिसताच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये त्याला विद्यापीठाचा नोकर ठरवून भरपाईस पात्र मानले. दोनच वर्षांनी फोर्ट लुइस महाविद्यालयाकडून खेळणारा रे डेनिसन डोक्याच्या दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेच्या दाव्याला कामगार आयोगाने अनुकूल निर्णय दिला होता. परंतु १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने तो फिरविला. महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाही, सबब खेळाडू नोकर नव्हे, असा निर्णयाचा आशय होता. चार वर्षांच्या अंतराने एकाच न्यायासनाने दिलेले हे दोन निर्णय शेजारी ठेवले की, मधल्या काळात शब्दांची केवढी निकड निर्माण झाली असेल याची कल्पना येते.

ही निकड वॉल्टर बायर्स यांनी ओळखली. १९५१ पासून १९८७ पर्यंत असोसिएशनचे कार्यकारी संचालक असलेल्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये, एक विलक्षण परखड ग्रंथ लिहिला. खेळाडूला नोकर ठरविले जाण्याच्या धास्तीतूनच आपण ‘स्टूडंट-अ‍ॅथलीट’ ही संज्ञा तयार केली आणि सर्व नियमांत व त्यांच्या भाष्यांत ती सक्तीने घातली, असे त्यांनी त्यात मान्य केले आहे. ‘प्लेयर’ किंवा नुसता ‘अ‍ॅथलीट’ हे शब्द टाळावयाचे, आणि संघाला ‘क्लब’ न म्हणता ‘कॉलेज टीम’ म्हणावयाचे, कारण ‘क्लब’ हा व्यावसायिकांचा शब्द, अशाही सूचना प्रसिद्धी-अधिकाऱ्यांना गेल्या होत्या. हे दोन शब्द वृत्तपत्रांत यापूर्वी कधी एकत्र आले नव्हते असे नाही. तथापि सुटे शब्द शेजारी येणे वेगळे, आणि पर्यायी शब्दांना मज्जाव करून एक संयुक्त पद नियमावलीत बसविणे वेगळे. भाषानियोजनाच्या अभ्यासकांनी राज्यसंस्था व विद्वत्सभा यांच्याकडे जेवढे लक्ष दिले आहे तेवढे अशा खाजगी संघटनांकडे दिलेले नाही; येथे तर एका कचेरीने ठरविलेला शब्द दोन दशकांत न्यायाधीशांच्या लेखणीत उतरला.

असोसिएशनने १९५६ मध्ये क्रीडाशिष्यवृत्तीला उघड मान्यता दिली. नेमके त्याच सुमारास पूर्व किनाऱ्यावरील आठ जुन्या विद्यापीठांनी उलट मार्ग धरला. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, प्रिन्स्टन आणि येल यांनी १९४५ मध्ये फुटबॉलपुरता केलेला करार १९५४ मध्ये सर्व खेळांना लागू केला आणि खेळासाठी म्हणून कोणालाही शिष्यवृत्ती द्यावयाची नाही असे ठरविले. हाच आयव्ही संघ होय. त्यात पेनसिल्व्हेनियाने, म्हणजे ‘पेन’ने, सामील व्हावे हे त्या काळी अनेकांना आश्चर्याचे वाटले असल्यास नवल नाही. १९४० पासून पेनचे फ्रँकलिन फील्डवरील सामने दूरचित्रवाणीवर दाखविले जात होते. अध्यक्ष हॅरल्ड स्टॅसन यांनी ‘मानाने विजय’ या आशयाचे घोषवाक्य देऊन फुटबॉलचा संसार वाढविला होता. आणि १९५१ मध्ये प्रक्षेपणावरील असोसिएशनचे निर्बंध धुडकावून सर्व सामने दाखविण्याचा विद्यापीठाचा मनोदय होता. असोसिएशनने पेनला नियमभंग करणारा सभासद ठरविले, प्रतिस्पर्धी संघ खेळण्यास कां-कू करू लागले, आणि विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाही हे विधान कोलोरॅडोच्या एका छोट्या महाविद्यालयाबद्दल खरे असेलही. त्याच दशकाच्या आरंभीच्या फिलाडेल्फियाबद्दल ते करणे कठीण होते.

या पेनचाच एक विभाग म्हणजे व्हार्टन विद्यालय. क्वेकर उद्योगपती जोसेफ व्हार्टन यांनी १८८१ मध्ये १ लाख डॉलरची देणगी देऊन ते स्थापिले. विद्यापीठाच्या अंतर्गत असलेले अमेरिकेतील हे पहिले व्यवसाय-विद्यालय. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय निघाले ते १९१३ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी. डार्टमथचे टक विद्यालय (१९००) आणि हार्वर्डचे व्यवसाय-विद्यालय (१९०८) यांनी पदव्युत्तर शिक्षणाची वाट धरली, तर व्हार्टनने पदवीपूर्व वर्ग कायम राखले. म्हणून येथे अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी शाळेतून सरळ व्यवसाय-विद्यालयात येऊ शकते, आणि अर्ज करतानाच विद्यापीठाच्या कोणत्या विद्यालयात जावयाचे हे सांगावे लागते. खेळाडू असणे, वेळेपूर्वी अर्ज करणे आणि व्यवसाय-शिक्षण या तीन गोष्टी एका अर्जात येतात त्या याच रचनेमुळे.

वेळेपूर्वी अर्ज करण्याच्या प्रथेचाही इतिहास आहे. १९५० च्या दशकात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांचे प्रवेशाधिकारी काही निवडक खाजगी शाळांना भेट देऊन तेथील मुलांना अ, ब, क अशा श्रेण्या देत. ‘अ’ श्रेणीच्या मुलाचा प्रवेश जवळजवळ निश्चित समजावा. हे ज्ञान ज्या शाळांपर्यंत पोचत नसे त्यांच्या मुलांना वसंत ऋतूपर्यंत वाट पाहणे भाग होते. त्याच दशकाच्या अखेरीस काही महाविद्यालयांनी ‘अर्ली डिसिजन’, म्हणजे पूर्वनिर्णय, ही पद्धती सुरू केली. अर्जदाराने शरद ऋतूत एकाच संस्थेकडे अर्ज करावयाचा आणि प्रवेश मिळाल्यास इतर सर्व अर्ज मागे घेऊन तेथेच जाण्याचे वचन द्यावयाचे. पेनमध्ये ही तारीख १ नोव्हेंबर असून निर्णय डिसेंबरच्या मध्यास कळतो. ज्याला दोन-तीन ठिकाणच्या आर्थिक साहाय्याची तुलना करून मग ठरवावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने हे वचन महाग आहे. तरीही पेनने या पद्धतीचा मोठा पुरस्कार केला आणि वर्गातील सुमारे निम्म्या जागा तिच्यातून भरण्यापर्यंत मजल नेली. ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउजर यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, लवकर अर्ज केल्याचा लाभ प्रवेशपरीक्षेत सुमारे १०० गुण अधिक मिळविण्याइतका आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये आपल्याकडील लवकर अर्जाच्या योजना बंद केल्या. २०११ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या.

आता खेळाडूकडे वळावे. इतर मोठ्या विद्यापीठांत प्रशिक्षक आणि खेळाडू यांना एकमेकांशी बांधणारा दुवा म्हणजे शिष्यवृत्तीचा कागद. १९६४ पासून त्याच्या जोडीला ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचे प्रतिज्ञापत्र असे. २०२४ मध्ये ते बंद करण्यात आले. आयव्ही संघात शिष्यवृत्तीच नाही, मग बंधन कशाचे? प्रशिक्षकाजवळ देण्यासाठी पैसा नाही; प्रवेश देण्याचा अधिकारही त्याचा नाही, तो प्रवेश कार्यालयाचा. त्याच्या हाती आहे ती केवळ शिफारस, आणि त्या शिफारशींची संख्या मोजकी. उलटपक्षी खेळाडूने शब्द दिला तरी तो एप्रिलपर्यंत पाळील याची हमी नाही. ही पोकळी पूर्वनिर्णयाने भरून काढली. खेळाडूने १ नोव्हेंबरपूर्वी बांधील अर्ज केला की त्याच्याकडून हमी मिळाली. प्रवेश कार्यालयाने त्याची गुणपत्रके आधीच पाहून प्रशिक्षकाला अनुकूल संकेत दिला की उलट बाजूचीही निम्मी हमी झाली. शिवाय १ ऑक्टोबरपासून विद्यापीठे ‘लाइकली लेटर’ पाठवू शकत. गुण घसरले नाहीत तर यथाकाल प्रवेश मिळेल, असे त्यात लिहिलेले असते. असे पत्र देण्याच्या बदल्यात प्रशिक्षकाने प्रवेश घेण्याचे वचन मागू नये, असा आठही विद्यापीठांच्या संयुक्त निवेदनाचा दंडक आहे. परंतु जेथे अर्जच वचनरूप आहे तेथे ते वेगळे मागण्याची गरजच काय? करार नाही, मोबदला नाही, असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेल्या व्यवस्थेत कराराचे सारे कार्य एका अर्जाच्या तारखेकडून करून घेतले जाते. हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या लवकर अर्जाच्या योजना बांधील नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे, पेनची आहे.

या विद्यापीठांनी स्वतःवर अंकुश मुळीच घातला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शालेय गुण आणि परीक्षेतील गुण यांवरून काढलेला ‘अकॅडेमिक इंडेक्स’ १९८० च्या दशकात आला, आणि खेळाडूंची सरासरी एकूण विद्यार्थ्यांच्या सरासरीपासून ठराविक अंतरापलीकडे घसरू नये असे ठरले. तरीही लाभाचे प्रमाण केवढे असते याचा अंदाज हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात उघड झालेल्या आकड्यांवरून करता येतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी शेकडा ८६ जणांना प्रवेश मिळाला होता. ज्यांच्यामागे खेळ, माजी विद्यार्थ्यांचे नाते वा तत्सम काहीच नव्हते त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ६ च्या आसपास होते. अर्जदारांत खेळाडू शेकडा एकाहून कमी. प्रवेश मिळालेल्यांत दहाहून अधिक. हार्वर्डमध्ये पदवीपूर्व व्यवसाय-विद्यालय नाही, परंतु नियम आठांचे एक आहेत.

समासाचा विग्रह येथे पुरता उलटतो. बायर्स यांच्या कचेरीला म्हणावयाचे होते की, हा मुळात विद्यार्थी आहे, खेळतो हे प्रासंगिक. प्रवेशाच्या खोलीत मात्र तो विद्यार्थी होतो तो खेळाडू आहे म्हणून. जे पद कोर्टात ‘विद्यार्थी’ असे वाचले जाते तेच अर्जात ‘खेळाडू’ असे वाचले जाते; आणि दोन्ही वाचने संस्थेच्याच सोयीची असतात. पदात असा दुहेरी अर्थ असला की त्याचा बाजार होण्यास वेळ लागत नाही. पेनच्या बास्केटबॉल संघाच्या एका माजी प्रशिक्षकाने २०१८ मध्ये लाचेच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला. फ्लोरिडातील एका धनिकाकडून आपण सुमारे ३ लाख डॉलर घेतले आणि त्याच्या मुलाला निवडलेला खेळाडू म्हणून पुढे केले, अशी साक्ष त्याने २०१९ मध्ये दिली. मुलाला व्हार्टनमध्ये प्रवेश मिळाला. संघातून तो कधीच खेळला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये अन्य विद्यापीठांतील बनावट खेळाडूंचे जे मोठे प्रकरण बाहेर आले त्यापुढे ही वार्ता झाकली गेली. भाषेच्या दृष्टीने मात्र हीच अधिक बोलकी आहे, कारण येथे समासाचे उत्तरपद पूर्णतः पोकळ असूनही त्याने आपले कार्य केले.

खेळाडूंचा ओढा व्यवसाय-शिक्षणाकडेच का, या प्रश्नाला विल्यम बोवेन आणि जेम्स शुलमन यांच्या २००१ च्या ग्रंथात उत्तर सापडते. १९५१, १९७६ आणि १९८९ या वर्षी तीस निवडक महाविद्यालयांत आलेल्या सुमारे ९०,००० विद्यार्थ्यांची माहिती त्यांनी तपासली. १९५१ चे खेळाडू आपल्या वर्गबंधूंसारखेच होते. १९८९ पर्यंत ते गुणांत मागे पडले होते, सामाजिक शास्त्रे व व्यवसाय या विषयांत एकवटले होते, आणि आर्थिक यशाची आकांक्षा प्रवेशाच्या वेळीच अधिक बाळगून होते. पुढे पुरुष खेळाडूंची प्राप्ती इतरांहून अधिक झाली, तीही मुख्यतः वित्तक्षेत्रात. संघभावना आणि चिकाटी यांचे ते फळ, असे क्रीडाप्रेमी म्हणतात. परंतु खेळण्याची वर्षे वाढली म्हणून प्राप्तीही त्या प्रमाणात वाढली असे लेखकांना आढळले नाही. तेव्हा मैदानाने ही वृत्ती घडविली असे म्हणण्यापेक्षा तशी वृत्ती असलेलीच मुले निवडली गेली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

पदव्युत्तर व्यवसाय-विद्यालयांतही वेळेपूर्वी अर्ज करण्याची लाट आली. पदवीच्या अखेरच्या वर्षी प्रवेश निश्चित करून काही वर्षे नोकरी केल्यावर वर्गात यावयाचे, अशी ‘२+२’ योजना हार्वर्डने २००७ मध्ये जाहीर केली. व्हार्टनने स्वतःच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी २०१७ मध्ये तसेच केले. येथे प्रशिक्षकाची शिफारस नाही, म्हणून या योजनांचा विचार निराळा करावा लागेल. साथीच्या काळात बुडालेल्या हंगामापोटी असोसिएशनने खेळाडूंना एक जादा वर्ष दिले, तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खेळू न देण्याच्या आयव्हीच्या नियमामुळे अनेकांनी अन्यत्र एक-दोन वर्षांचे अभ्यासक्रम शोधले, एवढे नोंदविणे पुरे. प्रवेशाचा काळ आणखी मागे, शाळेकडे, सरकण्याची प्रवृत्ती अधिक चिंताजनक होती. लॅक्रॉस या खेळात आठवी-नववीतील मुले महाविद्यालयांना शब्द देऊ लागली, तेव्हा अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी प्रशिक्षकाने संपर्कच करू नये असा नियम २०१७ मध्ये करावा लागला.

इकडे मूळची ढाल अजून न्यायालयांत उभी होती. पेनच्याच दोन माजी धावपटूंनी आपण नोकर आहोत म्हणून किमान वेतन मागितले. ‘बर्गर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दाव्यात सातव्या परिमंडळाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये हौशी क्रीडेच्या परंपरेचा आधार घेऊन नकार दिला. न्यायमूर्ती हॅमिल्टन यांनी मात्र स्वतंत्र मतात असे सुचविले की, जेथे शिष्यवृत्ती नाही आणि खेळातून उत्पन्न नाही त्या ठिकाणचा हा निर्णय फुटबॉल-बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीधारकांना लागू होईलच असे नाही. २०२१ च्या ‘ऑल्स्टन’ निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असोसिएशनचे शिक्षणविषयक लाभांवरील निर्बंध रद्द केले. २०२४ मध्ये फिलाडेल्फियात बसणाऱ्या तिसऱ्या परिमंडळाच्या न्यायालयाने खेळाडू नोकर असू शकतो असे मानले. त्याच वर्षी मार्चमध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापण्याच्या बाजूने कौल दिला. वर्षअखेर त्यांनी आपला अर्ज मागे घेतला. २०२५ च्या तडजोडीनुसार विद्यापीठे पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटू शकतात. आयव्ही संघ तीत सामील झाला नाही. त्यामुळे तेथे शिष्यवृत्तीही नाही, वाटाही नाही, आणि पेनची १ नोव्हेंबर ही तारीख पूर्वीइतकीच वजनदार आहे.

शब्दाबद्दलचा वाद प्रत्यक्ष शब्दावरच आला तो एकदा. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय कामगार-संबंध मंडळाच्या मुख्य वकील जेनिफर अब्रुझो यांनी एका निवेदनात ‘स्टूडंट-अ‍ॅथलीट’ हे पद खेळाडूंना त्यांच्या हक्कांपासून दूर ठेवण्यासाठी वापरले जाते असे म्हटले, आणि त्याऐवजी ‘शैक्षणिक संस्थांतील खेळाडू’ असा अर्थ देणारी शब्दयोजना केली. तीत समास नाही. दोन पदांमधला संबंध प्रत्ययाने उघड सांगितला आहे आणि प्रधान कोण याबद्दल संदेह उरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने ते निवेदन रद्द केले.